लाइन ओके

“बाई, टेलिफोनवाले काम न करताच सही करून जातात का हो?”

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं, आवाज माझा, पण प्रश्न पायलचा. तिने तो वहीच्या मागच्या पानावर लिहून माझ्याकडे सरकवला होता. त्याखाली सोनमच्या अक्षरात होतं, ‘विचारून दाखव. एक दाबेली. नाय विचारलंस तर फट्टू.’ सातवी-आठवीतली मी असते तर वही मिटून खाली मान घालून बसले असते. पण नववीतली मी वेगळीच होते. शाळेच्या सहाच्या सहा कॉम्प्युटरवर लिनक्स चढवणारी एकमेव मुलगी! मी उभी राहिले आणि भर लॅबमध्ये मोठ्या बाईंना विचारूनच टाकलं.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. सोमवारी संस्थेचे लोक कॉम्प्युटर लॅब बघायला येणार होते, त्यांच्यासमोर इंटरनेट चालू करून दाखवायचं होतं, आणि आज शुक्रवार उजाडला तरी स्क्रीनवर एकच ओळ येत होती. ‘नो डायलटोन’, म्हणजे फोनमध्ये टोनच नाही. त्यामुळे बाई स्वतः फोनच्या तक्रारींची वही घेऊन लॅबमध्ये आल्या होत्या. वहीत दोन तक्रारी. दोन्हींपुढे लाइनमनने लिहिलेलं, ‘लाइन ओके’, आणि खाली इंग्रजीत एक गुंतवळासारखी सही.

सगळा वर्ग खो खो हसला. मला वाटलं, आता पट्टी. पण बाई रागावल्याच नाहीत. त्या स्वानंद सरांकडे वळल्या. “ऐकलंत? एवढ्याशा पोरीला जे कळतं ते त्यांच्या ऑफिसरांना कळत नाही. घ्या कागद.”

आणि त्यांनी तिथल्या तिथे पत्र सांगायला सुरुवात केली. लाइनमन न तपासताच सही करतो, ही बाब शाळेतील विद्यार्थिनींच्याही लक्षात आली आहे. सबब आपण जातीने लक्ष घालावे. एक कॉपी वरच्या ऑफिसला. शिपाई ते पत्र घेऊन लगेच सायकलवर एक्सचेंजकडे निघालासुद्धा.

माझ्या एका वाक्यावर सरकारी पत्र! मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या ऐरोलीच्या शाळेला एका कंपनीने आपले जुने कॉम्प्युटर दिले, पण आत काहीच नव्हतं, कोरी पाटी. विकतचं सॉफ्टवेअर परवडणारं नाही आणि चोरून घालायला बाईंची हिंमत नाही. मग स्वानंद सरांनी एका मासिकाबरोबर फुकट मिळालेली लिनक्सची सीडी आणली. फुकट, आणि तीही कायदेशीर! सर शिकवायचे गणित. कॉम्प्युटर त्यांनाही नवीनच. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एका मशीनची पार वाट लावली. दुसऱ्या दिवशी मी एकटीने नीट केलं. तेव्हापासून सरच मला विचारायचे, “संघमित्रा, आता पुढे काय दाबायचं?” आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला काहीतरी विचारत होतं.

इंटरनेटचं मात्र घोडं अडलं. आतला मोडेम लिनक्सला ओळखू येईना, म्हणून सर बाहेरून जोडायचा मोडेम घेऊन आले. लाल दिव्यांची काळी डबी. फोनची वायर हिच्यात घालायची, डायल करणारा प्रोग्राम बसवायचा, त्याच्या फाइलमध्ये कोणत्या नंबरवर फोन लावायचा, नाव काय, पासवर्ड काय, ते भरायचं. सरांनी त्याची चाळीस पानं छापून दिली होती. मी बारा वाचली, बाकीची पलटली. आत्मविश्वास!

फाइल भरली, एंटर दाबलं. नो डायलटोन.

सरांनी लॅबमधला फोन उचलून कानाला लावला. “टोन तर येतोय गं.”

“तुमच्या कानाला येत असेल, सर,” मी म्हणाले. “मोडेमला पुरत नसणार. लाइन वीक आहे. कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल?”

सरांना पटलं. मलाही पटलं. आपण ठाम बोललो की आपल्यालाच आधी पटतं.

शुक्रवारी संध्याकाळी पप्पा कामावरून आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. माझे पप्पा टेलिफोन खात्यात लाइनमन आहेत. वीस वर्षांत त्यांनी खड्ड्यात उतरून केबल जोडल्यात, खांबावर चढून तारा ओढल्यात. घरी आल्यावर आधी मोरीत जाऊन हातपाय धुतात, मगच बसतात. आज नाही.

“चहा टाकू?” आईने आतून विचारलं.

पप्पांनी पिशवीतून टेस्ट फोन काढला. नुसता एक जाड रिसीव्हर, पाठीवर आकडे, आणि तारेला लावायचे दोन चिमटे. ते शर्टाच्या टोकाने चिमटे पुसत बसले.

“मित्रा, तुझ्या शाळेनं कंप्लेंट केली.”

“कोणावर?”

“माझ्यावर.”

माझ्या हातात चिवड्याची वाटी होती. “पण आमची शाळा तर शिवरामकाकांच्या एरियात आहे ना?”

“शिवरामला मागल्या महिन्यात घणसोलीला टाकलं. तवापासून तुमचा एरिया माझ्याकडं हाय.”

“मला सांगितलं नाही तुम्ही.”

“त्यात काय सांगायचं? तार तीच, खांब तोच.” त्यांनी दुसरा चिमटा पुसायला घेतला. “झहूर साहेबांनी ऑफिसात सगळ्यांम्होरं पत्र वाचलं. लाइनमन न बघता सही करतो म्हणे. शाळेतल्या पोरीच्या बी ध्यानात आलं म्हणे.”

आई बाहेर आली. “अगं बाई! कोणती कार्टी ती? काय कळतं तिला?” मग माझ्याकडे वळून, “तुझ्या वर्गातली का गं?”

“काय माहीत,” मी म्हणाले.

पप्पांनी वर पाहिलं नाही.

ती सही मी ओळखायला हवी होती. पण माझ्या प्रगतिपुस्तकावर पप्पा मराठीत सही करतात, एकेक अक्षर सुटं. ऑफिसची इंग्रजी सही मी कधी बघितलीच नव्हती.

“मग आता काय होणार?” आईने विचारलं.

“उद्या अकराला शाळेत टेस्टिंग. साहेबांसमोर. लाइन खराब निघाली तर खोटी सही केली असं होतंय. मग ऑर्डर थांबली.”

ऑर्डर म्हटल्यावर आई मटकन खालीच बसली. आमच्या घरात त्या शब्दाला बढतीशिवाय दुसरा अर्थच नव्हता. लाइनमनचा फोन मेकॅनिक व्हायचं, त्यासाठी पप्पांनी तीनदा परीक्षा दिली होती. तिसऱ्यांदा मीच त्यांच्याकडून इंग्रजी शब्द पाठ करून घेतले. ते कणीक भिजवणाऱ्या आईला विचारायचे, “सांग बरं, रेझिस्टन्स म्हंजे काय?” आणि आई म्हणायची, “तुमची आई.” पास झाले तेव्हा आम्ही तिघं नेरूळला जाऊन आइस्क्रीम खाऊन आलो. आता फक्त कागद हातात पडायचा बाकी होता.

“मी दोनदा टोन ऐकला,” पप्पा म्हणाले, आईला की स्वतःला कोण जाणे. “या कानानं.”

मी सांगायला हवं होतं. भर वर्गात मुख्याध्यापिकेला प्रश्न विचारणारी मी, माझ्या स्वतःच्या घरात मला एक वाक्य बोलता येईना. मी हिशोब मांडत होते, की लाइन खराब निघाली तर पप्पा खोटे आणि लाइन चांगली निघाली तर मी. आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी थोडा वेळ, अगदी थोडाच, मला वाटलं की लाइन खराबच निघू दे.

शनिवारी अकराला स्वानंद सरांनी मला वर्गातून बोलावून घेतलं. लॅबच्या दारात बुटांचा एक जोड काढून ठेवला होता. लॅबमध्ये चप्पल-बूट चालत नाहीत, पण मोठी माणसं सरळ आत येतात, आम्हीच काढतो. पप्पांनी काढले होते. ते दाराशी उभे होते, आणि डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. आई परवाच म्हणाली होती, “टाका घालायचाय.”

आत बाई आणि काखेत फाइल धरलेले झहूर साहेब. साहेब उरणकडचे, पोट पुढे, आवाज मोठा.

“हीच काय ती पोर? हुशार हाय म्हणतात. नाव काय गं तुझा?”

शाळेत नाव विचारलं की आम्ही पूर्ण नाव सांगतो. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. बालवाडीपासूनची सवय.

“संघमित्रा,” मी म्हणाले, आणि तिथेच थांबले.

पप्पा खिडकीबाहेर बघत होते.

आधी ते आणि साहेब बाहेरच्या भिंतीवरच्या टेलिफोनच्या डब्याकडे जाऊन आले. “डब्यावर टोन एकदम क्लिअर,” साहेब म्हणाले. “आता तुमचा यंत्र दाखवा.”

मी एंटर दाबलं. मोडेमचे दिवे लुकलुकले. एक सेकंद, दोन, तीन.

नो डायलटोन.

“बघा!” बाईंनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. “गेले तीन दिवस हेच. आणि तुमच्या माणसाची सही बघा.”

झहूर साहेबांनी पप्पांकडे पाहिलं. “काय रं सिताराम? आता काय बोलतोस?”

पप्पांच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला. मला वाटलं, ते आता ‘चुकलं साहेब’ म्हणतील. घराबाहेर मी त्यांना तेच म्हणताना जास्त ऐकलंय.

“साहेब, आत बघू का?” ते म्हणाले. “आतली वायरिंग आपल्याकडं येत न्हाई, म्हणून मी डब्यापर्यंतच बघून सही केलती. तुमी म्हणाल तर बघतो.”

“बघ.”

पप्पा भिंतीपाशी गुडघे टेकून बसले. फोनच्या सॉकेटचे स्क्रू काढले, चिमटे लावले, टेस्ट फोन कानाशी धरला आणि डोळे मिटले. किती वेळ! बाईंनी घड्याळ बघितलं. साहेबांनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. पप्पा मात्र देवळातल्या, नाही, विहारातल्या माणसासारखे स्वस्थ.

“हा आपला टोन न्हाई,” डोळे न उघडताच ते म्हणाले.

“म्हणजे?”

“आपल्या एक्सचेंजचा टोन सलग असतोय साहेब. दोरीवानी. हा तुटतोय. हा कसल्यातरी पेटीचा हाय.”

स्वानंद सरांनी कपाळावर हात मारला. “इंटरकॉम! मे महिन्यात ऑफिसात इंटरकॉम बसवलाय. लॅबची वायर त्यातूनच येते.”

आणि मला एकदम खालून वरपर्यंत गरम झालं. कारण शाळेतून बाहेर फोन करायचा तर आधी शून्य दाबायचं, तेव्हा बाहेरची लाइन मिळते, हे मला माहीत होतं. पोट दुखत होतं तेव्हा मी स्टाफरूममधून शेजारच्यांकडे फोन लावला होता, तो शून्य दाबूनच! माणसाने शून्य दाबायचं हे सगळ्या शाळेला पाठ होतं. मोडेमलाही दाबावं लागेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मोडेम बिचारा पेटीचा तुटक टोन ऐकून खरंच सांगत होता, की हा डायलटोन नाही. खोटं तो बोलत नव्हता. पप्पाही नव्हते.

पप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“ताई, तुम्ही याच्यात नंबराच्या आधी शून्य टाकलंय का?”

ताई. तुम्ही.

मी नाव अर्धं सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं होतं. माझी अडचण त्यांनी अलगद उचलून स्वतःच्या अंगावर घेतली होती. मला एकच शब्द बोलायचा होता, दोन अक्षरी, रोजचा.

“नाही, काका,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, जणू काही उत्तरच तेवढं होतं.

मी सरांच्या चाळीस पानांचा गठ्ठा उघडला. न वाचलेल्या पानांत, एकोणतिसाव्यावर, सगळं लिहिलेलं होतं. मोडेमला टोनची वाट न बघता डायल करायला कसं सांगायचं, शून्यानंतर एक क्षण थांबायला कसं सांगायचं. दोन ओळींचं काम. मी फाइल उघडली, दोन ओळी बदलल्या, जपून ठेवल्या. एंटर.

आकडे दाबले जाण्याचे आवाज. मग पलीकडे रिंग. आणि मग तो आवाज आला, आधी शिट्टी, मग किंचाळी, मग पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर. बाई दचकून मागे सरल्या.

पप्पांच्या कानाला टेस्ट फोन तसाच होता, नुसतं ऐकायचं बटण दाबलेला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. वीस वर्षं ज्या तारा जोडल्या, त्यांतून हेही जातं, हे ते पहिल्यांदा ऐकत होते.

“बोलायलेत का आता दोघं?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो. जोडलं गेलं.”

“मग आपण मधी नको.” त्यांनी चिमटे अलगद काढले.

स्क्रीनवर एकामागून एक ओळी उतरल्या. सरांनी टाळ्या वाजवल्या. झहूर साहेबांनी पेन काढलं. “मॅडम, लाइन ओके. तेवढा कंप्लेंट मागं घेतला असा दोन ओळी लिहून द्या.”

बाईंचा चेहरा बदलला. “आता चालू झालंय ना? मग कशाला वाढवायचं?”

“पत्राची कॉपी वर गेली हाय, मॅडम. याची ऑर्डर अडकंल.”

“शाळेने चूक झाली असं लेखी द्यायचं? सोमवारी संस्थेचे लोक येतायत. मी फोनवर सांगेन हवं तर.”

“फोनवरचा फाइलीत लागत नाय.”

“बघू नंतर.”

“राहू द्या साहेब,” पप्पा म्हणाले. “लाइन चालू झाली ना.” त्यांनी तक्रारीच्या वहीत तिसऱ्यांदा लिहिलं, ‘लाइन ओके’, सही केली, दाराशी वाकून बूट घातले. जिन्यावर साहेबांचा आवाज ऐकू आला, “मंगळवारी ऑर्डरी निघतात रं. त्याच्या आधी कागद आला तं ठीक, नायतर पुढचा साल.”

शाळा सुटल्यावर पायलने दाबेली आणली. पैज म्हणजे पैज. “ए, तो लाइनमन काय भारी होता ना! आम्ही खिडकीतून बघितलं. डोळे मिटून ऐकत होता यार.”

“कोण गं तो?” सोनमने विचारलं.

मी दाबेली तशीच कागदात गुंडाळून परत दिली.

दुपारी घरी आले तेव्हा पप्पा जेवत होते. आईला बहुतेक सगळं सांगून झालं होतं, कारण ती भाकरी जरा जास्तच जोरात थापत होती. “दोन ओळी लिहायला त्या बाईचा हात मोडत होता का?”

“जाऊ दे गं.”

मी दप्तर न काढताच उभी राहिले. “आई, ती कार्टी मी होते.”

भाकरी थापायचा आवाज थांबला.

“प्रश्न मी विचारला. लाइन वीक आहे हे पण मीच सांगितलं. पानं वाचली नाहीत मी. आणि आज...”

“म्हाईत हाय,” पप्पा म्हणाले.

“काय?”

“बुधवारी सही करायला आलतो तवा खिडकीतून दिसलीस. सरांना सांगत होतीस, लाइन वीक हाय. कसं धाडधाड बोलत होतीस!” ते ताटातल्या भाजीकडे बघून हसले. “माझ्या बहिणी मास्तरासमोर नाव सांगतानाबी रडायच्या. म्हणलं, बोलू दे. चुकली तर चुकली.”

“मग काल मला विचारलं का नाही?”

“तू सांगशील म्हणलं.”

पप्पांनी घास तोडला, पण खाल्ला नाही. खुर्चीच्या पाठीवर त्यांचे मोजे वाळत होते. डाव्याच्या अंगठ्याला भोक होतं तिथे आईने निळ्या दोऱ्याने टाका घातला होता. काळा दोरा संपला असणार.

“सोमवारी प्रार्थनेनंतर संस्थेचे लोक स्टेजवर बसणार आहेत,” मी म्हणाले.

“मित्रा,” आई म्हणाली, “काय डोक्यात घेऊ नकोस हां. बाई तुझ्यावर डूख धरतील. पुढच्या वर्षी दहावी आहे तुझी.”

“राहू दे लेकरा,” पप्पा म्हणाले. “ऑर्डर काय, पुढल्या साली येईल.”

“नाही, पप्पा. मी अर्ज लिहिलाय. शाळा सुटायच्या आधी सरांना दाखवला, ते त्यावर सही करणार आहेत. एक कॉपी झहूर साहेबांना मी स्वतः नेऊन देणार, मंगळवारच्या आत. आणि सोमवारी माईकवर जाऊन सगळ्या शाळेसमोर सांगणार आहे, की लाइन पहिल्या दिवसापासून ओके होती, चूक माझी होती. बाईंनी थांबवलं तरी सांगणार आहे. आणि सुरुवातीला नाव सांगेन ना, ते पूर्ण सांगणार आहे. संघमित्रा सिताराम सोनकांबळे.”